जुन्या मोबाईलची नाडीपरीक्षा

'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिला आज तिसरे चरण जोडायचे झाल्यास 'जुना मोबाईल पहावा घेऊन' असे खुशाल जोडावे. नवा फोन घेणे प्रत्येक घराला परवडतेच असे नाही. आमच्या कतारगामात हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसणारा रत्नकलाकार असो, लूमवर रात्रपाळी करणारा खानदेशी गृहस्थ असो, की कोकणातून येऊन येथे स्थिरावलेला कारकून असो. मुलांच्या अभ्यासासाठी घरात दुसरा फोन हवा अशी निकड निर्माण झाली की पावले जुन्या फोनांच्या दुकानाकडे वळतात. यात कमीपणा मुळीच नाही. चांगली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन पुरती झिजेपर्यंत उपयोगी पडावी, हा तर काटकसरीचा जुना धर्म आहे.

परंतु असा फोन कित्येकदा घरी आल्यावर चमत्कारिक वागू लागतो. चालू करताच पडद्यावर 'बूटलोडर खुला आहे' अशा अर्थाची धोक्याची सूचना उमटते. कंपनीच्या नावाऐवजी भलतेच बोधचिन्ह फिरू लागते. कंपनीने त्या फोनास कधी दिलीच नाही अशी अँड्रॉइडची नवी आवृत्ती आत नांदत असते. मग कधी फोन लागत नाही, कधी तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तर कधी बँकेचे ॲप 'या उपकरणावर मी चालणार नाही' असे साफ सांगते. दुकानदार म्हणतो, 'रीसेट मारा, सर्व ठीक होईल.' तसे केले तरी दुखणे तिथल्या तिथेच. अशा वेळी काय समजावे आणि काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम या फोनाची प्रकृती समजून घेऊ. फोनाच्या आतील साठवण ही एखाद्या कपाटाप्रमाणे असते. त्यात निरनिराळे खण असतात आणि प्रत्येक खणाचे काम ठरलेले असते. एका खणात 'बूट' म्हणजे फोन जागा करणारा भाग असतो. अँड्रॉइडचा गाभा असलेले लिनक्स तेथे राहते. दुसऱ्या खणात 'सिस्टीम', म्हणजे प्रत्यक्ष अँड्रॉइड. तिसऱ्यात 'मोडेम', म्हणजे मनोऱ्याशी बोलणारा भाग. चौथ्यात 'रिकव्हरी', म्हणजे संकटकाळी आत शिरण्याचा मागचा दरवाजा. आणि शेवटच्या, सर्वांत मोठ्या खणात आपला 'डेटा', म्हणजे छायाचित्रे, निरोप, ॲप्स आणि त्यांच्या वह्या. या कपाटापुढे 'बूटलोडर' नावाचा द्वारपाल उभा असतो. फोन चालू होताना आतल्या वस्तूंवर कंपनीची सांकेतिक स्वाक्षरी आहे की नाही, हे तो तपासतो व मगच पुढे जाऊ देतो. द्वारपालाचे कुलूप उघडले, की ही तपासणी सक्तीची राहत नाही. कोणीही आपल्या पसंतीची वस्तू त्या खणात ठेवू शकतो. धोक्याची सूचना दिसते ती याचसाठी.

आता 'रूट' हा शब्द पाहू. संगणकातील फाइलींची रचना उलट्या झाडासारखी असते. सर्व फांद्या ज्यातून फुटतात त्याला मूळ म्हणतात, आणि त्या मुळावर ज्याची सत्ता चालते त्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासही तेच नाव मिळाले. आमच्या कोंकणी घरात झाडाच्या मुळास 'पाळ' म्हणतात. मराठीतील 'पाळेमुळे' या जोडशब्दात हे दोन्ही भाऊ शेजारी नांदताना दिसतात. फोनाची पाळेमुळे ज्याच्या हाती, त्याला फोनातील कोणतीही वस्तू वाचता, बदलता वा पुसता येते. सामान्य फोनात हा अधिकार वापरणाऱ्यासही दिलेला नसतो. एका ॲपने दुसऱ्याच्या वहीत डोकावू नये, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खोलीत कोंडलेले असते. रूट केलेल्या फोनात या सर्व खोल्यांना लागू पडणारी एकच किल्ली तयार होते. आजकाल हे काम बहुधा 'मॅजिस्क' नावाच्या साधनाने केलेले असते, आणि ते 'बूट' या खणात बदल करून बसते.

लोक असे का करतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर निंदेचे नाही. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीची संहिता सर्वांना पाहावयास खुली आहे, त्यामुळे जाणत्या हौशी मंडळींनी ती घेऊन आपापल्या आवृत्त्या रचल्या. त्यांना 'कस्टम रॉम' असे म्हणतात. २००९ साली स्टीव्ह काँडिक यांनी सुरू केलेली सायनोजेनमॉड ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती. पुढे तिच्या आधारे सायनोजेन या कंपनीने व्यापारी आवृत्तीही काढली. २०१४ च्या डिसेंबरात मायक्रोमॅक्सच्या यू या शाखेने 'युरेका' हा फोन ८,९९९ रुपयांस जाहीर केला, त्यात हीच आवृत्ती होती. भारतात ती वापरण्याचा हक्क कोणाचा, यावरून त्याच महिन्यात मायक्रोमॅक्स आणि वनप्लस यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. परंतु २०१६ च्या अखेरीस सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या. स्वयंसेवकांनी तेच काम 'लिनिएजओएस' या नावाने पुढे चालू ठेवले, ते आजही चालू आहे.

कित्येक फोनांना त्यांच्या कंपन्यांनी दोन-तीन वर्षांपलीकडे सुधारणा दिल्या नाहीत. असे फोन या मंडळींच्या श्रमामुळेच जिवंत राहिले. तेव्हा कस्टम रॉम म्हणजे काही चोरीचा माल नव्हे. खरा प्रश्न एवढाच की आपल्या हाती आलेल्या फोनात हा बदल कोणी केला, केव्हा केला, आणि त्याबरोबर आणखी काय आत ठेवले. दुर्दैवाने जुन्या फोनासोबत ही हकिगत कोणी लिहून देत नाही.

आता परीक्षेकडे वळू. कतारगामातील मुलांना एक गोष्ट घरातूनच माहीत असते. रफ हिरा हाती आला की कोणी तो एकदम घंटीवर धरीत नाही. आधी आयग्लास डोळ्याला लावून आतली फट, डाग, पोत पाहतात. कारण एकदा घासला गेलेला कण परत जोडता येत नाही. जुन्या फोनाबाबत हाच नियम पाळावा. आधी पाहणे, मग लिहिणे, आणि सर्वांत शेवटी हात लावणे.

एक वही घ्यावी. 'सेटिंग्ज'मधील 'फोनविषयी' या भागात जाऊन मॉडेलचा क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा-सुधारणेची तारीख आणि 'बिल्ड' क्रमांक उतरून घ्यावेत. बिल्ड क्रमांकात बहुधा रॉमचे नाव सापडते. फोनाच्या पाठीवरील किंवा खोक्यावरील मॉडेल आणि आत दिसणारे मॉडेल जुळते की नाही, हेही पाहावे. एकाच नावाच्या फोनाचे दोन-तीन पोटभेद असतात आणि एकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्यास चालत नाही.

नंतर *#०६# हे अंक दाबावेत. पडद्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक येईल. दोन सिमांच्या फोनात असे दोन क्रमांक असतात. हा फोनाचा जन्मक्रमांक होय. तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग थोडी जागा सोडून हा १५ अंकी क्रमांक, असा निरोप १४४२२ वर पाठविला असता त्या क्रमांकाची सरकारी नोंद कळते. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या ठिकाणीही ही सोय आहे. क्रमांक काळ्या यादीत असल्यास, किंवा आधीच वापरात असलेला दुप्पट क्रमांक आढळल्यास, तो फोन कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी येथे एक गंमत आहे. या क्रमांकाच्या उजवीकडून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम स्थानांवरील अंकांची दुप्पट करावी. दुप्पट दोन अंकी आली तर ते दोन अंक मिळवून एक करावा. मग सर्व अंकांची बेरीज घ्यावी. तिला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. न गेल्यास क्रमांक चुकीचा आहे असे समजावे. मात्र भाग गेला म्हणून क्रमांक त्याच फोनाचा आहे असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कधी कधी या ठिकाणी शून्ये दिसतात, अथवा काहीच दिसत नाही. पूर्वीच्या कोणी रॉम भरताना हा क्रमांक साठविलेला नाजूक खण बिघडविला, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. 'थोडे पैसे द्या, नवा क्रमांक लिहून देतो,' असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. या क्रमांकात फेरफार करण्यास मनाई करणारे नियम केंद्र सरकारने २०१७ साली केले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो गुन्हा ठरविला आहे.

येथवर सर्व ठीक असेल तर निदानास प्रारंभ करावा. पहिला प्रश्न असा की दुखणे शरीराचे आहे की मनाचे. म्हणजे यंत्रभागाचे आहे की सॉफ्टवेअरचे? बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल, तर पुढचे सर्व विचार थांबवावेत. तो फोन चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. जाणत्या कारागिराकडून बॅटरी आधी बदलून घ्यावी. तसे नसेल आणि फोन वारंवार आपोआप बंद पडत असेल, तर एक सोपी कसोटी आहे. फोन रिकव्हरीत चालू करून पाऊण तास तसाच ठेवावा. त्या वेळी मुख्य अँड्रॉइड जागे नसते. तेथेही फोन बंद पडू लागला, तर दोष बॅटरी, अडकलेले बटण किंवा आतील सर्किटचा असण्याचा संभव फार. तेथे तो शांत राहिला आणि मुख्य प्रणालीत येताच पडू लागला, तर दोष सॉफ्टवेअरकडे झुकतो. इतक्या साध्या कसोटीने कित्येकांचा नव्या बॅटरीचा खर्च वाचेल.

दुसरी कसोटी 'सेफ मोड'ची. या अवस्थेत बाहेरून भरलेली ॲप्स चालत नाहीत, आणि मॅजिस्कमधून जोडलेले उपप्रकारही बंद होतात. सेफ मोडमध्ये फोन सुरळीत चालला, तर दोषी त्यांपैकीच कोणी आहे. मग एकेक काढून पाहावे. या 'एकेक' शब्दाला फार महत्त्व आहे. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा आणि वहीत लिहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि फोन बरा झाला, तर औषध कोणते लागू पडले हे कळत नाही; बिघडला, तर विष कोणते हेही कळत नाही.

आता नेहमी आढळणारी काही दुखणी पाहू.

फोन चालू होताना बोधचिन्हाशीच घुटमळत राहणे, हे पहिले. जुन्या रॉमवर नवा रॉम भरताना आधीचा डेटा तसाच ठेवला म्हणजे असे पुष्कळदा होते. जुन्या वह्या नव्या कारकुनास वाचता येत नाहीत, तसाच हा प्रकार. येथे रिकव्हरीतून डेटाचा खण रिकामा करावा लागतो. त्या खणातील सर्व काही जाते, म्हणून फोन चालत असतानाच महत्त्वाची छायाचित्रे व कागद दुसरीकडे उतरवून ठेवण्याची सवय असावी.

दुसरे दुखणे विशेष आपल्या देशातले आहे. इंटरनेट चालते, पण फोन लागत नाही. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली तेव्हापासून तिचे बोलणे जुन्या २जी-३जी वाटेने न जाता ४जीच्या 'व्होल्टे' या पद्धतीने जाते. या पद्धतीचे काही भाग फोनकंपन्या आपल्यापाशीच राखून ठेवतात. ते स्वयंसेवकांना मिळत नाहीत. त्यामुळे काही फोनांवर कस्टम रॉममध्ये व्होल्टे चालतच नाही. सेटिंग्जमध्ये ती सोय चालू आहे की नाही हे पाहावे. ज्या कंपनीचे २जी जाळे चालू आहे तिचे सिम घालून फोन लावून पाहावा. तेव्हा फोन लागला, तर फोनाचा अँटेना निरोगी असून उणीव रॉमची आहे, असे ठरते. कॅमेरा अंधुक होणे, बोटाचा ठसा न ओळखणे, यांचेही मूळ अनेकदा कंपनीच्या बंद भागांतच असते. मनोऱ्याची खूणच अजिबात दिसत नसेल, तर नव्या रॉमला जुन्या मोडेमचा मेळ बसला नसल्याची शंका घ्यावी.

तिसरे दुखणे बँकेच्या ॲपचे. आणि येथे आम्ही वाचकांना थोडे थांबावयास सांगू. २०१६ साली यूपीआय आल्यापासून घराचा व्यवहार फोनात आला. भाजीवाल्याचे पैसे, शाळेची फी, गावी आईवडिलांना धाडावयाची रक्कम, सारे त्यातूनच जाते. फोनाची मूळ प्रणाली बदललेली आहे की नाही, हे बँकेची ॲप्स गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' या सेवेमार्फत व इतर उपायांनी विचारून घेतात. उत्तर संशयास्पद आले की ती काम नाकारतात. यावर 'रूट लपविण्याचे' उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु लपविल्याने रूट नाहीसे होत नाही. फक्त राखणदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. राखणदार भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधणे आणि घरात चोर आहे की नाही हे पाहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या लेखातील मुख्य मुद्दा हाच आहे. आपण समजतो की 'फॅक्टरी रीसेट' केले म्हणजे फोन नवाकोरा झाला. परंतु वर सांगितलेले कपाट आठवावे. रीसेटने फक्त डेटाचा खण रिकामा होतो. 'बूट' आणि 'सिस्टीम' हे खण तसेच राहतात. पूर्वीच्या मालकाने किंवा मधल्या कोणा अनोळखी माणसाने तेथे काही ठेवले असेल, तर दहा वेळा रीसेट केले तरी ते जागचे हलत नाही. भाड्याच्या घरातील सामान झाडून काढले, पण कुलूप जुनेच ठेवले आणि जुन्या भाडेकऱ्याकडे किल्ली राहिली, असा हा प्रकार आहे. अशा फोनात एखादा दुष्ट कार्यक्रम दडलेला असल्यास त्याला बँकेचा ओटीपी वाचणे कठीण नाही. महिनाभर हिरे घासून मिळालेला पगार ज्या फोनात येतो, तो फोन कोणाच्या किल्लीने उघडतो हे घरच्या माणसास ठाऊक असलेच पाहिजे.

मग उपाय कोणता? उपाय एकच, आणि तो मुळाशी जाण्याचा. सर्व खण नव्याने भरावेत. शक्य असेल तर त्याच मॉडेलचे कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर घालावे. कंपनीने त्या फोनाचा नाद सोडला असेल, तर लिनिएजओएससारख्या नामांकित रॉमची त्याच मॉडेलसाठी असलेली अधिकृत आवृत्ती आपल्या देखत, रूटशिवाय घालून घ्यावी. हे काम स्वतःस येत नसेल तर जाणकाराकडून करवून घ्यावे; पण ते करताना पुढील पथ्ये पाळली जातात की नाही, यावर लक्ष ठेवावे.

उतरवून घेतलेल्या फाइलीचा 'शा-२५६' नावाचा ६४ अक्षरांचा ठसा तिच्या निर्मात्याने दिलेल्या ठशाशी ताडून पाहावा. एका अक्षराचाही फरक असल्यास ती फाइल टाकून द्यावी. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी आणि केबल घट्ट बसणारी असावी. खण भरत असताना मध्येच तार सुटणे घातक ठरते. काही कंपन्यांच्या फोनांत जुन्या आवृत्तीकडे परतण्यास प्रतिबंध असतो. तेथे हट्टाने जुने सॉफ्टवेअर भरल्यास फोन कायमचा निश्चेष्ट होऊ शकतो, म्हणून आतील आवृत्ती आधी पाहावी. बूटलोडरचे कुलूप पुन्हा लावणे इष्ट खरे. परंतु कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पूर्णपणे बसल्याची खात्री झाल्यावरच ते लावावे. कस्टम रॉम आत असताना कुलूप लावले, तर द्वारपाल स्वाक्षरी मागतो, ती सापडत नाही आणि फोन चालूच होत नाही. काही खुणा मात्र पुसल्या जात नाहीत. सॅमसंगच्या कित्येक फोनांत एकदा परकी प्रणाली भरली की 'नॉक्स'ची एक सूक्ष्म तार कायमची जळते आणि मूळ सॉफ्टवेअर घालूनही ती जुळत नाही.

इतके करणे शक्य नसेल तर तो फोन फेकून द्यावा काय? मुळीच नाही. शब्दकोश पाहणे, धडे ऐकणे, गणिताचे व्हिडिओ पाहणे, घड्याळाचा गजर लावणे, यांसाठी तो उत्तम चालेल. फक्त बँकेचे ॲप, बँकेशी जोडलेले सिम, घरातील कागदपत्रांची छायाचित्रे आणि घरच्या मंडळींचे मुख्य ईमेल खाते त्यात ठेवू नये. मुलाच्या अभ्यासाचा फोन निराळा आणि घराच्या पैशांचा फोन निराळा, अशी वाटणी करावी. दुरुस्तीस देताना सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्यापैकी कित्येकांना या यंत्रांचे ज्ञान घरच्या वडीलधाऱ्यांहून अधिक आहे. नवा रॉम भरून जुना फोन जिवंत करण्याची हौस वाईट नाही. उलट आज जगभर नावाजलेली कामे अशाच हौसेतून उभी राहिली आहेत. परंतु घरातील एकुलत्या एका फोनावर प्रयोग करू नये, आणि वडिलांना विचारल्यावाचून तर मुळीच करू नये. ज्याला त्या फोनाच्या आतले समजते, त्याच्यावर घरातील न समजणाऱ्यांच्या रक्षणाची जबाबदारी येते. आई जेव्हा फोन पुढे करून 'बाळा, हे बघ रे काय झाले आहे' असे म्हणते, तेव्हा ती फोनाबरोबर आपला विश्वासही तुमच्या हाती देत असते. फोन बिघडला तर दुसरा मिळेल. पण तो विश्वास प्रत्येकाने जपावा.